"वीस लाखात एक" हा आकडा तुमच्या घराला लागू होत नाही, ताई

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिली मुलगी, नाळ गळून पडल्यावर बेंबीतून बरेच दिवस थोडं थोडं रक्त येत राहिलं. पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघणाऱ्या टेस्ट), प्लेटलेट सगळं नॉर्मल, शेवटी कुणीतरी फॅक्टर तेरा बघितला तर तो जवळजवळ शून्य. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, त्यांना असे नंबर दिलेले असतात. डॉक्टर म्हणाले हा आजार वीस-तीस लाखात एकाला होतो. आता घरातले म्हणतायत की लाखात एकदा व्हायचं ते होऊन गेलं, दुसऱ्या वेळी काही होणार नाही. ताईंचं विचारणं असं की हे आजार खरंच इतके कमी असतात का, दोन्ही घरात कुणालाच नसताना आला कुठून, आणि दुसऱ्या बाळाला किती धोका, शिवाय भावाचं लग्न ठरलंय तर त्याच्या मुलांना किती.

रक्त गोठण्याच्या आजारांचंच काम करते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कारण घरातल्यांचं म्हणणं मायेपोटी आलेलं असलं तरी साफ चुकीचं आहे आणि त्यावर विसंबून राहिलात तर दुसऱ्या बाळाच्या वेळी महागात पडू शकतं.

आधी तुमचाच आजार घेऊ. फॅक्टर तेराची गंभीर कमतरता साधारण २० लाखात एकाला, काही ठिकाणी ३० लाखात एक असंही लिहिलेलं असतं. आपण २० लाख धरू. जगाची लोकसंख्या ८०० कोटी, म्हणजे सगळ्या जगात मिळून ४,००० च्या आसपास पेशंट. पण हा आजार व्हायला जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो माणूस वाहक, त्याचा फॅक्टर साधारण निम्मा असतो आणि निम्म्यावर रोजचं आयुष्य बहुतेक वेळा आरामात चालतं, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. आता गणित बघा. २० लाखात एकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर एक बिघडलेली प्रत साधारण १,४०० प्रतींमागे एक असते, आणि प्रत्येकाकडे दोन प्रती असल्यामुळे वाहक निघतात ७०० माणसांमागे एक. म्हणजे पेशंट ४,००० आणि वाहक एक कोटीच्या वर! एखाद्या मोठ्या लग्नात जेवढी माणसं जमतात त्यात एखादा वाहक सहज असू शकतो, फक्त तो कुणाला दिसत नाही.

म्हणून "दोन्ही घरात कुणालाच नाही" यात नवल काहीच नाही, अशा आजारात बहुतेक घरांची हीच गोष्ट असते. तुमच्याकडे एक प्रत होती, तुमच्या मिस्टरांकडे एक होती, दोन्ही पिढ्यानपिढ्या गुपचूप चालत आल्या आणि तुमच्या मुलीत पहिल्यांदा एकत्र आल्या. यात कुणाच्या घराण्याचा दोष नाही, गरोदरपणात काय खाल्लं काय केलं याचाही काही संबंध नाही. सासरचे माहेरकडे आणि माहेरचे सासरकडे बोट दाखवत असतील तर त्यांना एवढंच सांगा की दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. २० लाखात एक हा आकडा कुणाचा, तर ज्यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहिती नाही अशा कुठल्याही अनोळखी जोडप्याच्या बाळाचा. तुमच्याबद्दल आता आपल्याला माहिती आहे, तुम्ही दोघंही वाहक आहात हे मुलीच्या रिपोर्टवरूनच सिद्ध झालं. दोन वाहकांच्या प्रत्येक बाळाला धोका चारात एक, म्हणजे २५ टक्के. दुसऱ्या बाळाला २५, तिसऱ्याला परत २५, आधी काय झालं याची जीनला आठवण नसते. एकदा झालं म्हणून पुढचा धोका कमी होत नाही आणि वाढतही नाही. ५० टक्के शक्यता की बाळ तुमच्यासारखंच वाहक असेल आणि नीट जगेल, २५ टक्के शक्यता की वाहकही नसेल. मुलगा असो की मुलगी, हिशोब तोच. रक्त न थांबण्याचा आजार फक्त मुलग्यांना होतो असं खूप जणांना वाटतं, ते हिमोफिलियामुळे (फॅक्टर आठ किंवा नऊ कमी असण्याचा आजार, तो मुख्यतः मुलग्यांना होतो), फॅक्टर तेराचा जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाहीच.

भावाचं गणित वेगळं. तुमच्या आईवडिलांपैकी किमान एकजण वाहक, त्यामुळे भाऊ वाहक असण्याची शक्यता अर्धी. होणारी वहिनी नात्यातली नसेल तर ती वाहक असण्याची शक्यता ७०० मध्ये एक. दोघं वाहक असतील तरच चारात एक. तिन्हींचा गुणाकार केला की येतात साधारण ५,६०० मध्ये एक. अनोळखी जोडप्याच्या मानाने हे जास्तच आहे, पण ज्याने लग्न थांबवावं किंवा झोप उडावी असं यात काहीही नाही. मात्र मुलगी नात्यातली असेल, मामेबहीण-आतेबहीण वगैरे, तर हे ७०० चं गणित कोसळतं, कारण तीच बिघडलेली प्रत तिच्याकडेही एकाच आजी-आजोबांकडून आलेली असू शकते. अशा वेळी आधी दोघांची टेस्ट करून घ्या.

नात्यातल्या लग्नाचा परिणाम किती मोठा असतो हे लोकांना सांगूनही पटत नाही म्हणून आकडाच देते. वरच्याच आजारात, घरात कुणी पेशंट नाही, फक्त नवरा-बायको सख्खे चुलत किंवा मामे-आते भावंडं आहेत, तर बाळाचा धोका २० लाखात एकवरून येतो साधारण २२,००० मध्ये एकवर. जवळजवळ नव्वद पट! आजार जितका दुर्मिळ तितकी ही पट वाढत जाते, आणि म्हणूनच जगाच्या ज्या भागात नात्यात लग्नं करायची पद्धत आहे तिथे हे "दुर्मिळ" आजार बऱ्यापैकी नेहमीचे होऊन बसतात. इराणच्या आग्नेयेला सिस्तान-बलुचिस्तान प्रांत आहे, तिथे फॅक्टर तेराचे पेशंट जगात सगळ्यात जास्त सापडतात, शेकड्यांनी, आणि त्यांच्यात जीनमधला बिघाडही एकच, म्हणजे फार मागे कुठेतरी एका पूर्वजाकडून तो सगळीकडे पसरलेला. अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांमध्ये फॅक्टर अकराचं तसंच आहे, बाकी जगात त्याची गंभीर कमतरता १० लाखात एक धरतात आणि त्यांच्यात साधारण ४५० मध्ये एक. त्यामुळे कुणी "या आजाराचं प्रमाण अमुक" असं सांगितलं की आधी विचारायचं, कुठल्या लोकांमध्ये?

बाकीच्या फॅक्टरचे आकडे पटकन सांगते. सात नंबरची कमतरता या दुर्मिळ आजारांत सगळ्यात जास्त, साधारण ५ लाखात एक. पाच नंबर, दहा नंबर आणि फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन) अजिबात नसणं, हे प्रत्येकी १० लाखात एकाच्या आसपास. पाच आणि आठ एकदम कमी असण्याचाही एक वेगळा आजार आहे, तोही तेवढाच. प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे दोन नंबर, २० लाखात एक. प्लेटलेटचे ग्लान्झमान आणि बर्नार्ड-सूलिए हे आजारही १० लाखात एकाच्या घरातले, त्यात प्लेटलेट नीट काम करत नाहीत. हे सगळे आकडे ठोकळ आहेत, ते मोजमाप म्हणून न घेता अंदाज म्हणून घ्या. जन्मजात फॅक्टर-कमतरतेचे जेवढे पेशंट असतात त्यात हिमोफिलिया आणि व्हॉन विलेब्रँड (त्याच नावाचं, प्लेटलेटना चिकटायला मदत करणारं प्रथिन कमी असण्याचा आजार) सोडून बाकी सगळे मिळून जेमतेम ३ ते ५ टक्के भरतात.

हिमोफिलियाबद्दल मात्र जरा थांबते, कारण लोकसंख्येत किती हा प्रश्न तिथे सगळ्यात चांगला अभ्यासला गेलाय आणि त्यातून जे दिसतं ते मला अजूनही अस्वस्थ करतं. २०१९ साली चांगल्या नोंदी ठेवणाऱ्या देशांचा डेटा एकत्र करून हिशोब झाला. जन्माला येणाऱ्या दर लाख मुलग्यांमागे हिमोफिलिया ए (फॅक्टर आठ कमी) २४.६ जणांना, म्हणजे साधारण ४,००० मध्ये एक, त्यातला गंभीर प्रकार ९.५ जणांना. हिमोफिलिया बी (फॅक्टर नऊ कमी) लाखात ५. आता त्याच अभ्यासात, जन्मावेळी किती हे न बघता आत्ता जिवंत असलेल्या पुरुषांमध्ये किती हे मोजलं तर ए चा आकडा येतो लाखात १७.१. जीन तर वयाबरोबर बरा होत नाही. मग २४.६ चे १७.१ कसे झाले? मधले जे कमी झाले ते लवकर गेले, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे श्रीमंत देशांचे आकडे आहेत, जिथे फॅक्टर औषध म्हणून मिळतो. १९८० च्या दशकात लोकांनी दिलेल्या रक्तापासून बनवलेल्या दूषित फॅक्टरमधून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस होऊन एक अख्खी पिढी कापली गेली, त्याच्या आधीच्या पिढीला तर धड इलाजच नव्हता.

याच हिशोबाने जगात हिमोफिलियाचे ११ लाख २५ हजार पुरुष असायला हवेत, त्यातले ४ लाख १८ हजार गंभीर. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलिया दरवर्षी देशोदेशीच्या नोंदी गोळा करतं, त्यात अलीकडच्या वर्षांत भरतात ते अडीच लाखांच्या आसपास. बाकीचे कुठे आहेत? काही निदान न होता सुजलेला गुडघा घेऊन घरात बसलेत, काहींचा प्रकार सौम्य आहे आणि दात काढेपर्यंत किंवा ऑपरेशनपर्यंत कळणारच नाही, आणि काही सुंता, पडणं, मेंदूतलं ब्लीडिंग यातच लहानपणी गेले आणि त्यांच्या कागदावर मरणाचं कारण काहीतरी दुसरंच लागलं. एखाद्या भागात हा आजार फार कमी आहे असं कुणी म्हटलं की मला आधी शंका येते की तिथे टेस्टची सोयच नसणार.

अजून एक, हिमोफिलियात साधारण ३० टक्के केसमध्ये घरात आधी कुणीच नसतं, बिघाड नव्यानेच झालेला असतो. व्हिक्टोरिया राणीच्या आधी त्या घराण्यात हा आजार कुणाला असल्याची नोंद नाही, तिच्या वंशातून तो युरोपभरच्या राजघराण्यांत गेला, आणि तो बी प्रकारचा होता हे २००९ साली रशियाच्या झारच्या कुटुंबाच्या अवशेषांवरून सिद्ध झालं. तेव्हा फॅमिली हिस्टरी नाही म्हणून हिमोफिलिया नाही, असं डॉक्टरनेही कधी धरू नये.

व्हॉन विलेब्रँडचं उलटं आहे, तो दुर्मिळ नाहीच आणि तरी सापडत नाही. १९८७ साली उत्तर इटलीत १,२१८ शाळकरी मुलांची तपासणी केली तेव्हा ०.८ टक्के मुलांमध्ये तो निघाला, म्हणजे जवळपास शंभरात एक. पण ज्यांना त्रास होतो असे लोक मोजले तर हजारात एक, आणि मोठ्या सेंटरला नाव नोंदवलेले मोजले तर १० हजारात एक. आजार तोच, आकड्यात शंभर पटीचा फरक, कारण प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली. त्याचा सगळ्यात गंभीर तिसरा प्रकार मात्र खरोखर दुर्मिळ, १० लाखात एक. १९२६ साली फिनलंडच्या डॉक्टर व्हॉन विलेब्रँडनी ऑलंड बेटांवरच्या ज्या कुटुंबाबद्दल लिहिलं, त्यातली मुलगी पुढे किशोरवयात पाळीतल्या रक्तस्रावानेच गेली. शंभर वर्षं होत आली तरी अंगावरून जास्त जातं म्हणून येणाऱ्या बायकांना लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवलं जातं, आणि त्यांच्यात व्हॉन विलेब्रँड बघितला तर अभ्यासांमध्ये सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास निघतो. ज्या मुलीला पहिल्या पाळीपासून पॅडवर पॅड बदलावे लागतात, पाळी आठवड्याच्या वर चालते, आणि हिमोग्लोबिन कायम खाली, तिची ही टेस्ट झालीच पाहिजे, मी हे ठासून सांगते.

आता परत फॅक्टर तेराकडे, कारण तो कमी सापडण्याचं एक खास कारण आहे आणि ते तुमच्या मुलीच्या बाबतीतही घडलं. पीटी आणि एपीटीटी या दोन टेस्ट गुठळी धरेपर्यंतचा वेळ मोजतात. तेरा नंबरचं काम त्याच्या पुढचं, धरलेल्या गुठळीचे धागे एकमेकांना घट्ट जोडायचे. त्यामुळे गुठळी वेळेवर होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि ती कच्ची गुठळी काही तासांनी विरघळून परत रक्त सुरू होतं. थांबलं म्हणून पालक झोपतात आणि सकाळी दुपटं लाल. या आजारातल्या साधारण ८० टक्के बाळांना बेंबीतून असं ब्लीडिंग होतं, आणि ३० टक्क्यांच्या आसपास पेशंटना आयुष्यात कधीतरी मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून बेंबीतून रक्त याला कुणी "थोडंसंच तर आहे" म्हणू नये.

जुनी टेस्ट फार साधी आहे. पेशंटच्या प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवाची, गुठळी करायची, ती युरियाच्या द्रावणात टाकायची आणि ३७ डिग्रीवर २४ तास ठेवायची. नॉर्मल माणसाची गुठळी दुसऱ्या दिवशी पांढरट गोळ्यासारखी तशीच्या तशी तरंगत असते, तेरा नसलेल्याची नळी बघायला जावं तर आत काही नाही, नुसतं स्वच्छ पाणी. महागडं मशीन लागत नाही, तरी ही टेस्ट सांगितलीच जात नाही. तिच्या दोन मर्यादा आहेत, फॅक्टर खूपच कमी असेल तरच ती पकडते, वाहक त्यात सापडत नाहीत, आणि सँपल घ्यायच्या आधी प्लाझ्मा चढवला असेल तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. हे दुसरं फार घडतं. बाळाला इमर्जन्सीत प्लाझ्मा दिला, मग टेस्ट पाठवली, नॉर्मल आली, आणि निदान कित्येक महिने लांबलं. या आजाराची पहिली नोंदच १९६० सालची, स्वित्झर्लंडमधली. त्याआधी अशी बाळं जन्मतच नव्हती असं थोडंच आहे.

उलटी गंमत फॅक्टर बाराची. तो नसला की एपीटीटी भयंकर लांबतो, ऑपरेशन थांबतं, घर घाबरतं, आणि ब्लीडिंग मात्र होत नाही. तेव्हा रिपोर्ट किती वाईट आणि त्रास किती, या दोन गोष्टी वेगळ्या.

कुणीतरी गुठळ्या जास्त होणाऱ्या आजारांचंही विचारलं होतं, थोडक्यात सांगते. फॅक्टर पाच लायडन, म्हणजे फॅक्टर पाचच्या जीनमधला एक बदल, १९९४ साली नेदरलँड्सच्या लायडनमध्ये सापडलेला, युरोपीय वंशाच्या लोकांत ५ टक्क्यांना असतो, पूर्व आशिया आणि आफ्रिकेत जवळपास नाहीच, आणि ज्यांना आहे त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभरात एकही गुठळी होत नाही. अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही गुठळी आवरणारी प्रथिनं, त्यातल्या अँटीथ्रॉम्बिनची कमतरता दोन-पाच हजारात एक, पण तिचा धोका बराच जास्त. प्रोटीन सी दोन्ही प्रतींत बिघडलेलं बाळ ५ ते १० लाखात एक, जन्मल्या जन्मल्या त्वचेवर काळेनिळे चट्टे पडायला लागतात आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. आणि जन्मजात काहीही नसताना उतारवयात किंवा बाळंतपणानंतर फॅक्टर आठविरुद्ध शरीरच अँटिबॉडी बनवतं असाही एक प्रकार आहे, वर्षाला १० लाखात साधारण दीड जणांना. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर अचानक मोठमोठे काळेनिळे डाग आले तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर खापर फोडण्याआधी एपीटीटी बघा.

ताई, आता तुमच्यासाठी. तेरा नंबर शरीरात खूप टिकतो, अर्धा व्हायलाच नऊ ते चौदा दिवस लागतात, आणि ब्लीडिंग रोखायला तो थोडासाच पुरतो. म्हणून महिन्यातून साधारण एकदा फॅक्टर देऊन मुलं जवळपास नेहमीसारखी वाढतात, हिमोफिलियात नेहमीचा फॅक्टर घेताना आठवड्याला दोन-तीनदा सुई टोचायला लागते तसं इथे लागत नाही. मुलीचं हे महिन्याचं वेळापत्रक एकदाही चुकवू नका, ती बरी दिसते म्हणून तर अजिबात नाही, कारण मेंदूतलं ब्लीडिंग सांगून येत नाही. मोठी झाल्यावर पाळी आणि पुढे गरोदरपण या दोन्हीच्या वेळी याच तज्ज्ञाशी बोलायचं, फॅक्टर न देता गर्भ टिकणं या आजारात अवघड असतं.

दुसऱ्या बाळाचा विचार करायच्या आधी मुलीची आणि तुम्हा दोघांची जीन टेस्ट करून घ्या, नेमका बिघाड कळला की गरोदरपणात अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन बाळाचं निदान करता येतं, करायचं की नाही हा निर्णय तुमचा. तेव्हा केलं नाही तर बाळंतपणाच्या वेळी नाळेतल्या रक्ताचं सँपल फॅक्टर तेरासाठी पाठवायला आधीच सांगून ठेवा, बाळाला रक्त किंवा प्लाझ्मा काहीही द्यायच्या आधी, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाळाला स्नायूत इंजेक्शन देण्याबद्दल रक्तविकारतज्ज्ञाला विचारूनच ठरवायचं. मुलीच्या रिपोर्टची झेरॉक्स तुमच्या बाळंतपणाच्या फाइलला पहिल्याच पानावर लावा, रात्री-अपरात्री ड्युटीवर जो कोणी असेल त्याला शोधत बसायला लागू नये.